जाणाऱ्याने बसवून जावे

उमरेडच्या स्टेशनावर छोटी गाडी सुटायला वेळ होता आणि बाबा इंजिनाकडे पाहत उभे होते. नागपूरला जाणारी ही अरुंद रुळांची गाडी. मायने फडक्यात भाकरी आणि चटणी बांधून दिली होती, आणि तीच गाठ ती पुन्हा पुन्हा सोडून बांधत होती. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारा मी पहिला. साठ साल उलटून काही वर्षे झाली होती. घरात दोन माग होते, आणि त्यांतल्या एकावर आता कोण बसणार हे मी विचारले नव्हते आणि कोणी मला सांगितलेही नव्हते.

"कोणी विचारलं तं मागाचं काम येते म्हणून सांगू नको," बाबा शेवटी म्हणाले. "एकदा सांगितलं का लोक तुले मागावरच बसवतीन. तू शिकाले चालला."

माय म्हणाली, "भूक लागली तं लाजत नको जाऊ. मांगून खाय."

हे मी आज पुण्यातल्या एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून लिहीत आहे. खाली पार्किंगमध्ये स्कूटरी धुतल्या जात आहेत. इथे भूक लागली म्हणून कोणी कोणाकडे मागून खात नाही. आधी फोन करून येऊ का असे विचारतात. उमरेडला राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि पर्थ, मस्कत, बिलासपूर अशा ठिकाणी पांगलेल्या माझ्या बँडच्या माणसांनो, हे तुम्हा दोन्हीकडच्यांसाठी आहे. तुम्ही एकमेकांना ओळखत नाही. मी मध्ये होतो एवढेच.

आमच्या हेडमास्तरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्या ओळखीने मला नागपुरात मोहननगरला एका रेल्वे गार्डच्या घरामागची खोली मिळाली. गार्डचे नाव लेस्ली. अँग्लो-इंडियन माणूस, उंच, लालबुंद, ड्यूटी नसली की अंगात बनियन आणि गळ्यात सॅक्सोफोन. सगळे त्यांना लेस अंकल म्हणत. मी त्यांच्यापुढे उभा राहून व्याकरणाच्या पुस्तकातले एक लांब इंग्रजी वाक्य म्हटले, तीन दिवस पाठ केलेले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाले, "कमरा पीछे है, मॅन. नल सुबह आता है."

लेस अंकलचा एक बँड होता, ब्लू सिग्नल. सगळेच बहुतेक रेल्वेचे. मी नावाचा अर्थ विचारला तेव्हा ते म्हणाले, "लाल रेल्वे का, हरा रेल्वे का, पीला भी रेल्वे का. नीला अपना." रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये रविवारी दुपारी नाच असे, त्याला जॅम सेशन म्हणत. तिथे ब्लू सिग्नल वाजवी. नाताळात कामठीच्या मिलिटरी मेसमध्ये वाजवी. रॉक आणि सोल या नावांचे विलायती संगीत मी तोपर्यंत ऐकलेच नव्हते. उमरेडला आमच्याकडे भजनीमंडळ होते आणि माग होते. दोन्हींचा ठेका मला येत होता.

तोच कामी आला. बँडची तालीम लेस अंकलच्या व्हरांड्यात होई आणि माझी खोली व्हरांड्याला लागून होती. पुस्तक पुढे धरून मी पायरीवर बसायचो आणि माझा पाय आपोआप चालायचा. लहानपणापासून मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या माणसाचा पाय असा स्वस्थ राहत नाही. त्याच महिन्यात बास, म्हणजे खालच्या स्वराची चार तारांची गिटार, वाजवणाऱ्या जॉनची बिलासपूरला बदली झाली. लेस अंकल कितीतरी वेळ माझ्या पायाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "ये पैर कहाँ से लाया?"

बाबांनी सांगू नको म्हटले होते, तरी मी सांगितले. खोटे बोलायला तितके इंग्रजी येत नव्हते आणि हिंदीही नव्हते.

"उंगलियाँ तो कोई भी सीख जाता है," ते म्हणाले. "पैर नहीं मिलता. जॉन, इसको बिठा दे."

बसवणे हा त्या बँडचा शब्द होता आणि तीच त्याची रीत होती. रेल्वेची माणसे, आज बदली इटारसीला, उद्या बल्लारशाला. कोणी ना कोणी सारखे जात असे. म्हणून लेस अंकलनी पहिल्यापासून एकच नियम ठेवला होता: जाणाऱ्याने आपल्या जागी दुसरा बसवून जायचे. नुसते नाव सुचवून चालत नसे. आपल्या बाजूला बसवून, हातावर हात ठेवून, एकेक गाणे त्याच्या अंगात घालायचे. तो तयार झाला की त्याच्या पहिल्या कार्यक्रमाला जुन्याने समोर खुर्ची टाकून प्रेक्षकांत बसायचे आणि वाद्याला हात लावायचा नाही. तो दिवस पार पडला की जायला मोकळा. स्वरलिपी कोणालाच येत नव्हती. सगळे कानाने आणि हाताने चालत असे.

जॉनने मला असे बसवले. बदलीची तारीख त्याने एकदा पुढे ढकलून घेतली. एका गाण्याशी आलो तेव्हा तो म्हणाला, "इधर ध्यान दे. कोरस वापस आता है ना, उसके पहले चार की जगह दो ही ठोके. दो खा जाने का. क्यों, वो मत पूछ."

मी विचारलेच. उत्तर मेरी आंटीकडून मिळाले. या लेस अंकलच्या बायको, माझ्या जेवणाची खरी काळजी करणाऱ्या. ते गाणे बँडने घरातल्या ग्रामोफोनच्या एका तबकडीवरून बसवले होते. त्यांची थोरली मुलगी तेव्हा रांगत होती. तिने तबकडीवर चमचा ओढला. त्या ओरखड्यावर सुई उडी मारायची आणि दोन ठोके गिळून पुढे जायची. या लोकांना वाटले, विलायतेतली ही नवी तऱ्हा असेल. त्यांनी ती उडीसुद्धा मन लावून बसवली. इन्स्टिट्यूटमध्ये नाचणाऱ्यांनी त्या जागी अर्धी गिरकी घेऊन पाय बदलायला शिकून घेतले. पुढे रेडिओवर मूळ गाणे लागले तेव्हा त्यात ती उडी नव्हती. लेस अंकल म्हणाले, "रेडिओ का रिकॉर्ड खराब है."

चूक कळली, पण तोवर उशीर झाला होता. नागपूरचे पाय तसे पडू लागले होते. मग ती चूक जाणाऱ्याकडून येणाऱ्याकडे जशीच्या तशी जात राहिली.

मी बी. कॉम. झालो, एका सरकारी कचेरीत लागलो, आणि दर रविवारी बास वाजवत राहिलो. घरी पैसे पाठवत होतो, पत्रे पाठवत होतो, पण बँडबद्दल मोघम लिहीत होतो. एकदा बाबा लुगड्यांचा गठ्ठा घेऊन गांधीबागेत व्यापाऱ्याकडे आले आणि तिथून न कळवता मोहननगरला. रविवारची सकाळ होती, तालीम चालली होती. ड्रमवाला मस्कतला निघाला होता आणि कामठीच्या अन्वरला बसवत होता. दोघे एकाच स्टुलावर अर्धे अर्धे टेकले होते.

बाबा पायरीवर बसले. मेरी आंटींनी चहा दिला तो त्यांनी बशीत ओतून घेतला आणि फुंकर मारता मारता मला विचारले, "हे दोघं एकाच ढोलावर काहून बसले गा?"

मी सांगितले. एक चालला, दुसरा येऊन राहिला. बाबांनी बशी खाली ठेवली.

"मंग ही तं सांधणी झाली," ते म्हणाले.

हे उमरेडकरांना सांगायला नको, पण पर्थवाल्यांना सांगतो. मागावरचे एका लुगड्याचे उभे सूत संपत आले की ते फणीच्या दातांतून पूर्ण काढून घेत नाहीत. शेवटचा वीतभर भाग तसाच राहू देतात आणि नव्या सुताचे एकेक टोक जुन्याच्या एकेका टोकाला पीळ देऊन सांधतात. मग ओढले की जुने पुढे जाते आणि त्याच्यामागे नवे आपोआप फणीतून येते. लुगडे वेगळे, रंग वेगळा, पण फणी कधी रिकामी होत नाही.

"क्या बोलते तेरे फादर?" लेस अंकलनी विचारले. मी जमेल तसे समजावले. ते खूश झाले. "और धागा टूट गया तो, पापा?"

बाबांनी त्यांच्याशी सरळ हिंदीत बोलायला घेतले. "टूट गया तो गाठ मारते जी. टूटने का डर नहीं. पूरा निकल गया तो फणी खाली. फिर बैठो एक एक भरते."

"बराबर," लेस अंकल म्हणाले. "एकदम बराबर."

निघताना बाबा मला म्हणाले, "मी तुले मागावरून उठवलं, तं तू दुसऱ्याच्या मागावर येऊन बसला." ते हसत नव्हते, पण रागावलेलेही नव्हते. पुढे माझे लग्न झाले त्यात त्यांनीच लेस अंकलना पहिल्या पंगतीत बसवले.

आता मागे वळून त्या वर्षांकडे पाहतो तेव्हा मला गाणी कमी आठवतात आणि बसवणे जास्त आठवते. तुम्ही बँडवाले सगळे गेलात. कोणी बदलीवर, कोणी आखातात, कोणी मुंबईला चित्रपटांत वाजवायला. तीन गायक झाले, गिटारवाले किती झाले ते मी मोजायचे सोडून दिले. एक जण बायकोच्या हट्टाने गेला आणि तिच्याच हट्टाने परत आला, तोवर त्याची जागा भरलेली होती. तो मग ट्रम्पेट शिकला. प्रत्येक वेळी कोणीतरी नवा व्हरांड्यात येऊन बसे, चुकत असे, शिव्या खात असे आणि हळूहळू त्याच्या हातात जाणाऱ्याचा हात उतरत असे. मला मोठा आनंद होई असे नाही. नुकताच सरळ आलेला बँड पुन्हा वाकडा वाजू लागे. पुन्हा तेच गाणे, पुन्हा तीच जागा, पुन्हा "दोन खाऊन टाकायचे, का ते विचारू नको." पण जुळले की मला घरी आल्यासारखे वाटे. मग तोही जाई.

लेस अंकलही गेले. मुली आधीच पर्थला गेल्या होत्या, मेरी आंटींचे डोळे त्यांच्याकडे लागले होते. लेस अंकलनी सॅक्सोफोनवर एका शाळामास्तराला बसवले, रीतीप्रमाणे समोर खुर्ची टाकून बसले, आणि रुमालाने तोंड पुसत राहिले. स्टेशनावर त्यांनी मला बाजूला घेतले.

"नाम बेचना मत," ते म्हणाले. "और बिना बिठाए जाना मत. तू भी नहीं."

मी हो म्हणालो. तेव्हा मला कुठे जायचेच नव्हते.

त्यानंतर बँड माझ्या घरी आला, म्हणजे सदर भागातल्या आमच्या दोन खोल्यांसमोरच्या अंगणात. माझी बायको विमल कामठीची, तीही आमच्यासारख्या विणकर कोष्ट्यांचीच मुलगी, आवाजाची सवय असलेली. तिने कधी तक्रार केली नाही, पण बोलायची ती नेमके बोलायची. "तुमच्या बँडात लोक येऊन राहिले नं जाऊन राहिले. तुम्ही एकटे फलाट झाले. फलाटाले कधी कुठं जाता येते का?"

ऐंशी सालानंतर सगळे झपाट्याने बदलले. रेल्वेच्या अँग्लो-इंडियन कुटुंबांची घरे एकेक करून बंद झाली. इन्स्टिट्यूटमधले जॅम सेशन महिन्यातून एकदा, मग सणासुदीला असे होत गेले. लग्नांतून आणि गणपतीत लोक डिस्को मागू लागले. आम्ही तेही वाजवले. कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या वर्धापनदिनी आम्ही वाजवत असताना साहेबांचे भाषण लांबले म्हणून आम्हाला मध्येच बंद करून पुन्हा सुरू करायला लावले, चार वेळा. अन्वर मला म्हणाला, "दादा, हम बँड है या नळ?" मला हसायचेही त्राण नव्हते. बास गिटारचा पट्टा खांद्यात रुतत होता, पाठ धरत होती, आणि डाव्या कानात एक शिट्टी कायमची वस्तीला आली होती.

त्याच सुमाराला माझी बढती झाली आणि पुण्याची बदली आली. दोन मुलींचे शिक्षण पुढे होते. विमलने बाहेरच्या खोलीतल्या भिंतीला टेकून तो आदेश दोनदा वाचला आणि चहा ठेवायला गेली. तिच्या पाठीकडे पाहून मला कळले की तिने मनातल्या मनात सामान बांधायला घेतले आहे.

मलाही जायचे होते. हे मी तुम्हाला सरळ सांगतो. मी थकलो होतो. पण माझ्या जागी कोणी बसल्याशिवाय मला जाता येत नव्हते, आणि बसायला कोणी मिळत नव्हते.

बास कोणालाच नको होते. सगळ्यांना पुढे उभे राहून वाजवायची गिटार हवी होती, नाहीतर कीबोर्ड. मी कॉलेजांत विचारले, चर्चमध्ये विचारले. कळमेश्वरच्याच एका कारखान्यातला फिटर यायला लागला. त्याचा पाय उत्तम होता. मला आशा वाटली. थोड्या दिवसांनी तो यायचा बंद झाला आणि मी शोधत त्याच्या खोलीवर गेलो, तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "दादा, रागावू नका. मले सहा तारांची पाहिजे होती. चार तारांच्याकडं कोणी पाहत नाही."

"मी इतकी वर्षं वाजवली," मी म्हणालो.

"तुमच्याकडं पाहत होते का कोणी?"

मी विचार केला आणि नाही म्हणालो. आम्ही दोघेही हसलो. पण तो आला नाही.

कचेरीतून मी एकदा मुदत वाढवून घेतली, मग दुसऱ्यांदा. साहेबांनी बोलावून सांगितले की आता हजर झालो नाही तर बढती पुढच्याला जाईल. घरी विमल म्हणाली, "एक सांगा. तुम्ही गेले तं बँड बंद पडन का?"

"नाही पडणार."

"मंग काहून अडून राहिले?"

लेस अंकलना दिलेला शब्द मी तिला सांगितला. ती म्हणाली, "ते पर्थले बसले आहेत. त्याइले काय कळते." मग पुन्हा, "मलेही कळते हो ते. पण पोरींची शाळा सुरू होईन." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागले.

आमचा कीबोर्डवाला होता मिलिंद. रामदासपेठेतल्या डॉक्टरांचा मुलगा, नीट शिकलेला, कॅसेटवरून एकदा ऐकले की वाजवणारा. एका रविवारी तालीम संपल्यावर तो वायरी गुंडाळत थांबला.

"काका, एक बोलू का? तुम्ही कोणाला शोधून राहिले?"

"माझ्या जागी."

"बास माझ्या डाव्या हातात आहे, काका. कीबोर्डमध्ये आवाज आहे त्याचा. मागच्या दोन लग्नांत तुमची पाठ धरली होती तेव्हा मीच वाजवला. कोणाला कळलंही नाही."

तो चांगला मुलगा होता. मला ओझ्यातून सोडवायलाच तो बोलला. पण त्या दिवशी मी सायकलवर न बसता ती हातात धरून चालत कस्तुरचंद पार्कला दोन फेऱ्या मारल्या. आपल्या जागी एखादा आपल्यापेक्षा चांगला आला तर माणूस दुखावतो आणि सुखावतोही. आपल्या जागी कोणी नकोच, एक मोकळा हात पुरेसा आहे, हे ऐकायची मात्र माझी तयारी नव्हती. बाबा वारले त्याला तेव्हा बरीच वर्षे झाली होती. उमरेडचे दोन्ही माग विकले गेले होते, आणि ते विकताना त्यांच्यावर बसायला कोण आहे हा प्रश्न मलाच विचारला गेला होता.

पुढच्या रविवारी मी मिलिंदला म्हणालो, "तुझा डावा हात दे. त्याला बसवतो."

तो हसला, मग मी हसत नाही हे पाहून त्याने डावा हात कीबोर्डवर ठेवला. मी त्याच्या बाजूला स्टूल ओढून बसलो आणि एकेक गाणे त्याच्या डाव्या हातात घालू लागलो. कुठे स्वर अर्धा दाबून सोडायचा, कुठे ड्रमच्या केसभर मागे राहायचे. त्याचा हात हुशार होता पण घाईचा होता. मी म्हणायचो, "पाय हलव. हाताने नको मोजू." तो म्हणायचा, "काका, पाय पेडलवर आहे." "मग दुसरा हलव."

चमच्याच्या ओरखड्याच्या गाण्याशी आम्ही आलो तेव्हा तो अडला. "कॅसेटमध्ये असं नाही, काका. दोन ठोके कमी होऊन राहिले."

"माहीत आहे."

"मग दुरुस्त करू. आपण चुकीचं वाजवून राहिलो इतकी वर्षं."

अन्वर ड्रममागून म्हणाला, "गलती नहीं है बे, नागपूर है."

मिलिंदला ते पटले नाही. मीही जोर केला नाही. बसवताना जोर करायचा नसतो, हे जॉनने शिकवले होते. त्याने दोन्ही तऱ्हा बसवून घेतल्या.

नाताळच्या आठवड्यात इन्स्टिट्यूटमध्ये दुपारचा नाच ठेवला होता. कुठून कुठून जुने लोक सुट्टीवर आले होते, पांढरे केस, सुटलेली पोटे, पण बूट चकचकीत. मी रीतीप्रमाणे समोर खुर्ची टाकून बसलो. बास गिटार घरी ठेवून आलो होतो. विमल माझ्या शेजारी होती. इतक्या वर्षांत ती बँड समोर बसून पहिल्यांदा ऐकत होती, कारण मी समोर पहिल्यांदा बसलो होतो. पहिली गाणी छान गेली. खाली घुमणारा तो आवाज माझा होता आणि मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. विमलने एकदा माझ्या मांडीकडे पाहिले, कारण बोटे हलत होती.

मग ते गाणे आले. कोरसच्या आधी मिलिंदने पूर्ण चार ठोके वाजवले. बरोबर वाजवले. आणि सगळा हॉल चुकला. इतके लोक एकदम अर्धी गिरकी घेऊन पाय टाकायला गेले आणि खाली ताल नव्हता. एक जाडे गृहस्थ आपल्या बायकोच्या पायावर उभे राहिले. दोन जोडपी एकमेकांवर आदळली. कोणीतरी मागून ओरडले, "ए, कोन हाय रे कीबोर्डवर? नवा हाय का?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिले. मला उठून मध्ये जावेसे वाटले. त्याने मदत मागितली असती तर मी गेलो असतो, आणि मग पुण्याला गेलोच नसतो, हे मला आज पक्के ठाऊक आहे. पण समोर बसलेल्याने काही सांगायचे नसते. मी हात मांडीवरच ठेवले. मान हलवली नाही, डोळे हलवले नाहीत.

गाणे फिरून त्या जागी आले. मिलिंदने समोर माझ्याकडे पाहणे सोडून खाली नाचणाऱ्यांच्या बुटांकडे पाहिले. कोरसच्या तोंडाशी त्याच्या डाव्या हाताने दोन ठोके गिळले. अन्वर त्याच्याबरोबर होताच. सगळा हॉल एकदम वळला आणि सगळ्यांचे पाय एकदम खाली आले, लाकडी जमीन दणाणली. मघाचेच जाडे गृहस्थ बायकोला गरकन फिरवून हसले.

"झालं का?" विमलने विचारले.

"झालं," मी म्हणालो.

आठवडाभरात आम्ही निघालो. सामान मालवाहू गाडीने पुढे गेले. अन्वर आणि मिलिंद स्टेशनावर आले होते. कोणी भाषण केले नाही. अन्वरने मुलींना चॉकलेटे दिली आणि मला म्हणाला, "मैं कब जाऊँगा, मालूम नहीं. मेरा पोरगा बैठेगा बोलता है."

पुण्यात लोक चांगले आहेत. माझ्या "करून राहिलो"ला कचेरीत सुरुवातीला हसले, आता त्यांच्यातला एक जण मुद्दाम तसे बोलतो. बास गिटार पलंगाखाली आहे. मुली इथल्या झाल्या. विमलची तब्येत सुधारली. मला रविवारी काही काम नसते, आणि किती वर्षांची झोप राहून गेली होती हे मला रविवारी दुपारी झोपल्यावर कळते. मी बरा आहे. थकवा आहे, पण तो काम झालेल्या माणसाचा आहे.

गेल्या हिवाळ्यात कचेरीच्या कामाने नागपूरला जाणे झाले. योगायोगाने इन्स्टिट्यूटमध्ये दुपारचा कार्यक्रम होता आणि दारावर ब्लू सिग्नलचा फलक होता. मी मागच्या रांगेत बसलो. ओळखीचे कोणी नव्हते. ड्रमवर अन्वरचा मुलगा असावा, खांदे तसेच होते. कीबोर्डवर एक मुलगी होती, ओढणी कमरेला खोचलेली. जुनी गाणी दोनच उरली होती, बाकी सगळी नवी. त्या दोनांत ते एक होते. तिचा डावा हात मी पाहत राहिलो. स्वर अर्धा दाबून सोडत होती, ड्रमच्या केसभर मागे. आणि कोरसच्या आधी दोन ठोके तिने असे सहज गिळले की जणू ते कधी नव्हतेच. नाचणारी पोरे बहुतेक विशीतली होती. त्यांचे पाय बरोबर पडले.

कार्यक्रम संपल्यावर मी तिच्यापाशी गेलो आणि विचारले, हे गाणे तुला कोणी शिकवले.

"मिलिंददादानं बसवलं मले," ती वायर गुंडाळत म्हणाली. "तो आता मुंबईले असते."

"आणि त्याला?"

"ते नाही माहीत, काका. पहिल्यापासून असंच आहे म्हणतात."

मी बरं म्हणालो. माझे नाव सांगावे असे ओठांवर आले होते, पण सांगून काय होणार होते? तिच्या हातात जॉन होता, मी होतो, मिलिंद होता, आणि पर्थमध्ये आता आजी झालेली एक मुलगी होती, जिने कधीकाळी रांगत येऊन चमचा ओढला होता. त्यातले कोणीच तिला ठाऊक नव्हते आणि तिचे काही अडत नव्हते. घर म्हणजे काय, हे मला इतकी वर्षे वाटत होते त्याहून साधे निघाले. जिथे आपली जागा रिकामी ठेवून कोणी वाट पाहते ते घर, असे मी समजत होतो. इथे माझी जागा भरलेली होती, आणि मला परके वाटत नव्हते.

उमरेडकरांनो, पुढचे तुम्ही रागावणार नाही असे समजून लिहितो. नागपुरात होतो तोवर कोणी गाव विचारले की मी नेहमी उमरेड सांगायचो, मग समोरचा कोणी असो. त्या मुलीने कीबोर्डची पेटी बंद केली, खांद्याला अडकवली आणि जाता जाता विचारले, "तुम्ही कुठले, काका? बाहेरून आले का?"

परतीचे तिकीट खिशात होते, संध्याकाळच्या गाडीचे.

"नाही," मी म्हणालो. "इथलाच."